मंगळवेढ्याच्या वाटेने पंढरीला

आषाढी जवळ आली की शेगावची गजानन महाराजांची पालखी सोलापुरात मुक्कामाला येते. त्याच सुमाराला आमच्या पेठेतली छोटी दिंडीही निघते. तिऱ्हे, कामती, माचणूर, मंगळवेढा आणि मग पंढरपूर. आळंदी-देहूच्या वाटेवरची लाखांची गर्दी इकडे नसते. पुढे पताका, मधे विणेकरी, टाळकरी, एक पखवाज, डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया आणि मागून सामानाचा टेम्पो. माणसं थोडी, त्यामुळे चालता चालता बोलणं होतं, आणि मला वारीत तेच फार मोलाचं वाटतं.

सोलापूर हे सिद्धरामेश्वरांचं गाव. आमच्या दिंडीत कपाळावर भस्माचे पट्टे ओढणारे आहेत, तसे गोपीचंदन-बुक्का लावणारेही. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. पंढरीच्या विठोबानं मस्तकावर शिवलिंग धारण केलंय, असं संत सांगत आले. म्हणून वारकरी एकादशी धरतो, तसा सोमवारही धरतो. माझ्याबरोबर विडी कामगार असलेली एक तेलुगू मावशी चालत होती. तिच्या घरी मार्कंडेयाची पूजा. मी विचारलं, मग विठ्ठलाकडे कशा वळलात? ती म्हणाली, "मार्कंडेयाला यमाच्या हातून शंकरानं सोडवलं, जनाबाईचं दळण विठ्ठलानं दळलं. धावून येणारा एकच की, माउली."

हिंदू धर्माचा गाभा काय, असं कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगेन. देव एक, रूपं अनेक, आणि तोच प्रत्येकाच्या आत. उपनिषदांत हे आहे, पण मावशीनं उपनिषद वाचलेलं नाही. तिला ते वारीतल्या रीतींनी दिलं. पहाटे काकडा झाला की आम्ही एकमेकांच्या पाया पडतो. वय, जात, पैसा, बाई, बाप्या असं काही मधे येत नाही. साठीचा कारखानदार कॉलेजातल्या पोरीच्या पायाला हात लावतो आणि तीही लगेच वाकते. पहिल्या सकाळी अवघडायला होतं. दोन मुक्काम झाले की कंबर आपोआप वाकते, आणि समोरच्याशी तुसडेपणानं बोलायचं अवघड होऊन बसतं. आधी पटेल मग वाकू, असा हिशेब इथे नाही. आधी वाका, पटायचं ते वाटेत पटत जातं.

नवसाचं बोलणं आमच्यात फारसं निघत नाही. कर्माचं फळ चुकत नाही हे सगळेच मानतात, पण वारी त्या फळासाठी नसते. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-मद्य सुटलं, एकादशी आली, रोजचा हरिपाठ आला आणि वर्षाची वारी आली. मागणं एकच, पुढच्या वर्षी पुन्हा चालव.

तिऱ्ह्याला सीना ओलांडली की दोन्ही बाजूंना काळं रान. माचणूरला भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं जुनं देऊळ आहे, तिथे पाय धुतले. हीच नदी वर पंढरपुरात चंद्रकोरीसारखी वळते आणि चंद्रभागा होते. पंढरपुरावरून आलेलं पाणी आम्हाला आधीच भेटलं, म्हणून बायांनी तिथेच फुगडीचा फेर धरला.

मंगळवेढ्यात मात्र मन थांबतं. ज्वारीचं कोठार म्हणून नावाजलेलं हे गाव, आणि संतांचंही. बसवेश्वर काही काळ इथे होते. कान्होपात्रा इथलीच. बहामनी अमलात इथे अधिकारी असलेल्या दामाजीपंतांनी दुष्काळात सरकारी धान्याची कोठारं भुकेल्यांना खुली केली. बादशहाची वसुली चुकती करायला विठ्ठल स्वतः विठू महार होऊन बिदरला गेला, अशी कथा आहे. आणि याच गावात, त्याच्याही आधी, 1338 मध्ये गावकुसाचं बांधकाम कोसळून चोखोबा ढिगाऱ्याखाली गेले. नामदेवांनी अस्थी शोधल्या. ज्यांतून विठ्ठलनाम ऐकू आलं त्या चोखोबांच्या, असं परंपरा सांगते. पंढरीच्या महाद्वारासमोर त्यांची समाधी झाली.

या दोन गोष्टी एकाच गावात उभं राहून ऐकल्या की अंगावर काटा येतो. ज्या जातीचं रूप देवानं आपण होऊन घेतलं, त्या जातीच्या भक्ताला देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. सर्वांभूती एकच देव, हे कीर्तनात शतकानुशतकं सांगितलं गेलं आणि दार बंदच राहिलं. ते उघडावं म्हणून साने गुरुजींना पंढरपुरात 1 मे 1947 पासून प्राणांतिक उपोषण करावं लागलं, तेव्हा दहा दिवसांनी बडव्यांचं मन वळलं. आपल्या धर्माचं तत्त्व मला जिवापाड प्रिय आहे, म्हणूनच हे वारीत मोठ्यानं सांगितलं पाहिजे असं मला वाटतं. आमचे विणेकरी मंगळवेढ्याच्या मुक्कामात ते दर वर्षी सांगतात, आणि त्या दिवशी कीर्तनाला गावातली माणसंही येऊन बसतात.

पंढरपुरात दशमीला पोचलो. चंद्रभागेत स्नान, पुंडलिकाचं दर्शन. आईबापांची सेवा सुरू होती म्हणून साक्षात देवाला ज्यानं विटेवर उभं केलं, त्याच्या पाया आधी पडायचं. मग चोखोबांची समाधी, मग नामदेव पायरी. दर्शनाची रांग तोवर गोपाळपूरच्या पुढे गेली होती. आमच्यातले बहुतेक जण कळसाला हात जोडून राहुटीवर परतले. कळसाचं दर्शन घेतलं तरी वारी पुरी होते, आणि मीही दरवेळी तसंच करतो.

आमचे पखवाजवाले आजोबा तसं करत नाहीत. त्यांचे वडील 1947 च्या आधीचे वारकरी. सारी वाट चालून यायचे आणि कळस पाहून परत फिरायचे, कारण दुसरा मार्गच नव्हता. आजोबांनी पखवाज टेम्पोत ठेवला, पाण्याची बाटली आणि शेंगाचटणी-भाकरीची पिशवी खांद्याला लावली आणि गोपाळपूरच्या रस्त्याला लागले. "मुखदर्शनाची रांग लहान आहे, तिकडून या," असं कुणीतरी म्हणालं. "नाही माउली," ते म्हणाले, "मला पायांवर डोकं ठेवायचंय." यंदा मी त्यांच्याबरोबर रांगेत उभा राहिलो.