खाली दुकानं, वर घरं: आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचा अनुभव

आमची बिल्डिंग संभाजीनगरात, औरंगपुऱ्याकडं, खाली दुकानं अन् वर फ्लॅट. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, ते केलं तर कॉलमच्या सळया गंजून फुगलेल्या, रिपोर्ट आला की पाडूनच बांधा. म्हणलं बिल्डर शोधू, तर जमीन अजून जुन्या बिल्डरच्याच नावावर अन् तो माणूस वारलेला! मग मोफा म्हणजे फ्लॅट मालकीच्या कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडं डीम्ड कन्व्हेयन्सचा, म्हणजे बिल्डरच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचा, अर्ज टाकला. कुणाचं खरेदीखत बँकेत, कुणाचं गावाकडं ट्रंकेत, गोळा करता करता जीव मेटाकुटीला आला पण झालं.

खरं अवघड निघालं ते पुढं. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणं सभेला दोन तृतीयांश सदस्य हजर पाहिजेत अन् मंजुरी निदान ५१ टक्क्यांची, अन् आमच्यात फ्लॅटवाले जास्त, त्यामुळं वरचे काही लोक म्हणू लागले की दुकानदारांना विचारायचंच कशाला. मला हे अजिबात पटलं नाही. किराणावाल्या मामांकडं निम्म्या बिल्डिंगच्या किल्ल्या असतात, इथं नळाला पाणी कितीतरी दिवसांनी येतं ते आलं की पहिली हाक त्यांचीच, शाळेतून आलेली लेकरं आई येईपर्यंत टेलरकाकांकडं बसतात. मामा सरळ म्हणले, "तुम्ही मोठे घरं घ्यायलात, अन् माझं गिऱ्हाईक तेवढ्या दिवसात दुसरीकडं गेलं तर मी काय करू?"

बरोबरच होतं त्यांचं. बिल्डर घराला अन् दुकानाला स्क्वेअर फुटाला सारखंच भाडं द्यायलता, तेवढ्यात त्या रोडला दुकान मिळत नाही. मग रात्री शटर ओढल्यावर एकेका दुकानदारापाशी बसून अटी लिहिल्या, जसं की रस्त्याकडचा दर्शनी भाग आत्ता आहे तेवढाच रुंद, दुकानापुढं पायऱ्या नकोत, त्याच भागात पर्यायी गाळा अन् त्याचं डिपॉझिट बिल्डरनं भरायचं, पाण्याची टाकी अन् मीटर वेगळे. सोबत बिल्डरनं काम अर्धवट सोडलं तर म्हणून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी, म्हणजे बँकेची पैशाची हमी, यावर एक बिल्डर निघूनच गेला, जाऊ दिला.

शेवटची सभा निबंधकाच्या अधिकाऱ्यासमोर, व्हिडिओ शूटिंगसकट झाली अन् सगळ्या दुकानदारांनी हात वर केले, मला लई बरं वाटलं. आता पाडकाम चालू आहे, मामा मागच्या गल्लीत आहेत अन् आम्ही किराणा तिथूनच आणतो. तुमच्याकडं खाली दुकानं असतील तर त्यांच्या अटी टेंडर काढायच्या आधीच लिहून टेंडरमध्येच टाका, बिल्डर ठरल्यावर तो वाढीव काही ऐकत नाही.