पीबीसी ऑफ

डिस्क प्लेअरच्या सेटअपमध्ये स्वखुशीने शिरणारी माणसं थोडीच. बाकीच्यांना सिनेमा दिसला, आवाज आला की पुरे. मी पहिल्या जमातीतला. नवा प्लेअर हाती लागला की सिनेमा राहतो बाजूला, आधी मेनूची सगळी पानं उलटून होतात.

हे वेड व्हीसीडीपासूनचं, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या व्हिडिओ सीडीपासूनचं. व्हीसीडी १९९३ मध्ये आली आणि तिच्या २.० आवृत्तीबरोबर पीबीसी, म्हणजे प्लेबॅक कंट्रोल. ते ऑन असलं की डिस्क आधी आपला मेनू मांडते आणि आपण आकडा दाबेपर्यंत अडून बसते. ऑफ केलं की मुकाट्याने पहिल्या ट्रॅकपासून सुरू. शिवाय ऑन असताना बऱ्याच प्लेअरवर रिपीट चालत नाही, हवा तो ट्रॅक थेट लावता येत नाही. डिस्क बनवणाऱ्याने आखलेल्या वाटेनेच जायचं. मी पीबीसी कायम ऑफ ठेवत आलो. मेनू कितीही सजवलेला असो, गाणं ऐकायला परवानगी कशाला मागायची?

डीव्हीडीने मात्र हा स्विच आपल्या हातून काढूनच घेतला. कुठल्या भागात कुठलं बटण चालणार नाही, हे डिस्कवरच लिहिलेलं असतं. कॉपीराइटची सूचना चालू असताना फॉरवर्ड दाबा, पडद्याच्या कोपऱ्यात मनाईचं चिन्ह उगवतं. काही प्लेअरवर तर चक्क हाताचा पंजा. लोक रिमोटचे सेल बदलतात, रिमोट तळहातावर आपटतात. रिमोट बिचारा ठणठणीत असतो. प्लेअर डिस्कचा हुकूम पाळतोय, एवढंच. काही प्लेअरवर दोनदा स्टॉप आणि मग प्ले दाबलं की ही सक्ती टळते, पण ही विद्या मॅन्युअलमध्ये सापडायची नाही.

आपल्या वाट्याला उरतात त्या आवडीनिवडी. आवाजाची भाषा, सबटायटलची भाषा, मेनूची भाषा, तिन्ही वेगवेगळ्या. एका डीव्हीडीवर आवाजाचे ८ ट्रॅक आणि ३२ सबटायटल मावू शकतात, म्हणून ही सोय. आपण निवडलेली भाषा डिस्कवर नसेल तर डिस्क स्वतःच्या मर्जीने दुसरी लावते.

सगळ्यात दुर्लक्षित सेटिंग म्हणजे टीव्हीचा आकार. रुंद, म्हणजे १६:९ मापाचा टीव्ही आणला तरी प्लेअर जुन्या चौकोनी टीव्हीच्या ४:३ वरच राहतो. मग पडद्यावरची माणसं आडवी फुगतात, नाहीतर चित्राच्या चारी बाजूंना काळी चौकट बसते. घरातले सगळे वर्षानुवर्षं त्या गुबगुबीत नायकाकडे बघत असतात आणि कुणाला काही खटकत नाही! पाहुणा म्हणून गेल्यावर दुसऱ्याच्या घरी १६:९ करून द्यावं का, हा शिष्टाचाराचा प्रश्न आहे. मी करून देतो. यजमानांना फरक कळत नाही, हा भाग वेगळा.

मला मनापासून आवडणारं सेटिंग आवाजाच्या पानावर, डायनॅमिक रेंजच्या नावाखाली असतं. कुठे त्यालाच नाइट मोड म्हणतात. कुजबुज ऐकू यावी म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी स्फोट होऊन घर जागं होतं. हे सेटिंग मोठा आवाज दाबतं आणि बारीक वर उचलतं. सिनेमाची ध्वनिरचना बिघडते म्हणून जाणकार नाकं मुरडतात. त्यांच्या घरी शेजारच्या खोलीत कुणी झोपत नसावं.

पॅरेंटल लॉकची, म्हणजे मुलांनी नको ते बघू नये म्हणून लावायच्या कुलपाची, गंमत निराळीच. १ ते ८ अशा पातळ्या, वर पासवर्ड. पण पातळी डिस्कवर नोंदवलेलीच नसेल तर बऱ्याच प्लेअरवर कुलूप नुसतंच लटकत राहतं. कंपनीने दिलेला पासवर्ड बहुधा मॅन्युअलमध्ये छापलेला असतो, आणि घरात मॅन्युअल वाचतात ती फक्त मुलं.