पवित्रा पायात असतो

लासलगावात कांद्याचे लिलाव बंद पडले की दुसऱ्या दिवशी मथळा ठरलेला: ‘शेतकऱ्यांचा आक्रमक पवित्रा’. मग कुणीतरी मला हमखास विचारतं, “तुम्ही तालमीत होतात ना? हा पवित्रा म्हणजे नक्की काय? पवित्रशी त्याचा काही संबंध?”

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तालमीतल्या पवित्र्याला सोवळंबिवळं काही नसतं. हिंदीत ज्याला पैंतरा म्हणतात, तोच हा. घोड्याचे घोडे होतात तसे पवित्र्याचे पवित्रे होतात. लढताना पाय टाकायची, जागा घ्यायची आणि ती सोडायची रीत म्हणजे पवित्रा. सोडायचीसुद्धा, हे महत्त्वाचं.

हे मला आठवीत कळलं, पंचवटीतल्या एका तालमीत. वस्ताद म्हणाले, “घे पवित्रा.” मी छाती काढली, लाठी उगारली आणि कॅलेंडरवरच्या मावळ्यासारखा उभा राहिलो. त्यांनी नुसत्या पायाने माझा पुढचा पाय सरकवला. मी बसलोच मातीत. “फोटो काढायचाय का तुझा? पवित्रा पायात असतो.” पुढे कित्येक दिवस हातात लाठी नाही, फक्त पाय टाकायचे.

त्यामुळे ‘ठाम पवित्रा’ वाचलं की मला हसू येतं. ठाम उभा राहिला तो मार खाणार. आणि पुढाऱ्याने ‘पवित्रा बदलला’ हे आपण टोमणा म्हणून लिहितो. तालमीत तीच तर विद्या होती!

हूल मात्र पेपरात आली तरी शाबूत राहिली. वार एकीकडे दाखवायचा आणि मारायचा दुसरीकडे. निवडणुकीच्या बातम्यांत तिला अजून भरपूर काम आहे.

पण माझा सगळ्यात लाडका शब्दप्रयोग तोंडाचा पट्टा. इथला पट्टा कमरेचा नव्हे, दांडपट्टा. २०२४ साली राज्यशस्त्र म्हणून जाहीर झाला तो. लांब, लवचिक, दुधारी पातं आणि मुठीच्या जागी लोखंडी खोबळा. हात त्यात जवळजवळ कोपरापर्यंत जातो, त्यामुळे मनगट वळवायची सोयच नाही. वार खांद्यातून, कमरेतून काढावा लागतो, आणि एक संपेपर्यंत त्याच झोकात दुसरा सुरू. मध्ये थांबलात तर पातं तुमच्यावरच उलटायचं. गणपतीच्या मिरवणुकीत पट्टेवाल्याभोवती गोल रिकामा होतो तो उगाच नाही. आता आठवून बघा, तोंडाचा पट्टा सुटलेलं माणूस मध्ये श्वास घेतं का?

फरी-गदगा हा शब्द मात्र मिरवणुकीतही क्वचितच ऐकू येतो. फरी म्हणजे छोटी ढाल, गदगा म्हणजे चामडं चढवलेली काठी. तलवारीचा सराव यावर व्हायचा. डोक्यावरचा वार ‘शीर’, गालाकडे येणारा ‘तमाचा’. सिनेमातल्या थपडेला लोक तमाचा म्हणतात, तेव्हा मला अजून गदगाच दिसतो.

पुतणी हल्ली तलवारबाजीच्या क्लासला जाते. तिची तलवार सेबर. चौदा मीटर लांबीच्या पट्टीवर पुढे-मागे एवढीच वाट, सूचना फ्रेंचमधून. परवा तिला आणायला गेलो तर पोरं ‘आँ गार्द’ म्हणजे लढायचा पवित्रा घेऊन उभी होती आणि त्यांचे सर दर दोन मिनिटांनी अस्सल नाशिकच्या मराठीत ओरडत होते, “अरे, पाय कुठाय पाय?”