ज्वारीच्या माल्टची (मोड आणून वाळवलेल्या ज्वारीची) काकवी : चौथा घाणा

तिसरा घाणा बिघडला तो एका थेंबामुळे. उकळत्या पातेल्यातला रस चमच्यावर घेऊन लगेच आयोडीन टाकलं, निळा रंग आलाच नाही. वाटलं, सगळा स्टार्च फुटला. सकाळी बघतो तर रसाची खळ झालेली! स्टार्च आणि आयोडीनचा निळा रंग गरम असताना उडतो आणि गार झाल्यावर परत येतो. तेव्हा थेंब पांढऱ्या बशीत पूर्ण गार होऊ द्या, मगच आयोडीन टाका.

या वेळी अर्धा किलो मालदांडी ज्वारी घेतली. 18 तास भिजवून, दोनदा पाणी बदलून, ओल्या पोत्यात चार दिवस ठेवली. अंबाजोगाईच्या उन्हात दोन दिवसांत खडखडीत वाळली. मग मुळं आणि कोंब चोळून काढले, सुपात पाखडले. यात कसूर नको. माय पहिल्याच घाण्याला म्हणाली होती, "बाबा, कोवळ्या ज्वारीनं जनावराला किराळ लागती." ते खरंच आहे. कोंबात धुरिन नावाचा, साखर जोडलेला पदार्थ असतो. त्यातली साखर विकरानं (एन्झाइमनं) सुटली की मागे सायनाइड तयार होतं. म्हणजे ज्या क्रियेच्या जोरावर आपण गोडवा काढतो, तीच इथं विष मोकळं करते. म्हणून मी कोंब ठेवत नाही आणि उकळताना ते वाफेबरोबर निघून जावं म्हणून झाकणही ठेवत नाही.

खरी अडचण तापमानाची. ज्वारीचा स्टार्च फुलायला साधारण 70 अंशांच्या पुढं जावं लागतं, आणि तेवढ्या उष्णतेत स्टार्चची साखर करणारं बीटा-अमायलेज हे विकर टिकत नाही. जवाचा स्टार्च कमी उष्णतेत फुलतो, शिवाय त्यात बीटाही भरपूर असतं. त्यामुळं जवाची कृती ज्वारीला जशीच्या तशी लावून चालत नाही. माझे पहिले दोन घाणे असेच वाया गेले.

यावर उपाय म्हणजे विकरं आधीच बाजूला काढायची. भरड पीठ चौपट पाण्यात 45 अंशांवर अर्धा तास ठेवलं. विकरं पाण्यात उतरली. वरची निवळ नितळून घेतली. खालचा चोथा 20 मिनिटं उकळला, 65 अंशांपर्यंत निववला आणि निवळ परत ओतली.

पुढचं डोळ्यांनी दिसतं. दहा मिनिटांत घट्ट आंबील पळीवरून पाण्यासारखी ओघळू लागली. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची साखळी; अल्फा-अमायलेज हे दुसरं विकर ती मधूनच कुठंही तोडतं, म्हणून आधी पातळपणा येतो आणि गोडी मागून येते. बीटा टोकाकडून ग्लुकोजच्या दोन-दोन कड्या सोडवतं, तो माल्टोज. प्रत्येक तुटीला पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो : 342 रेणुभाराचा माल्टोज अधिक 18 चं पाणी, म्हणजे 180 चे दोन ग्लुकोज. जलविघटन म्हणतात ते हेच. साखळीला फांद्या फुटतात त्या जोडाशी मात्र दोन्ही विकरं अडतात, म्हणून थोडे डेक्स्ट्रिन, म्हणजे साखळीचे तुकडे, उरतातच.

स्टार्च फोडणारं विकर मोडाच्या जवातून वेगळं केलं पायें आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी, 1833 मध्ये. त्यांनी त्याला डायस्टेज नाव दिलं.

बशीतले थेंब : सुरुवातीला काळानिळा, तासाभरानं जांभळट, दीड तासानं तांबूस, दोन तासांनी नुसता आयोडीनचा पिवळा. फडक्यातून गाळून आटवलं. काकवी उसाच्या काकवीपेक्षा कमी गोड, पण भाजल्या हुरड्याचा वास पक्का.

पाचव्यासाठी दगडी ज्वारी काल रात्री भिजत घातली आहे.