डावा हात कमरेला

बुधवार, रात्री साडेदहा

"ताई, हा डावा हात सारखा कमरेला का पळतो?" वस्तादांनी आज पुन्हा विचारलं. उजव्या हातात दांडपट्टा, पाय पवित्र्यात, वारही बरा चाललेला, आणि डाव्या हाताची मूठ मात्र आपसूक वळून बरगडीखाली येऊन बसते. पुढे त्या हातात ढाल यायची आहे. ती कमरेला चिकटवून ठेवली तर छाती झाकणार कोण? मला पटतं. हाताला पटत नाही.

हा हात कोणाचा शिष्य आहे ते मला ठाऊक आहे. परळला आमच्या घराजवळच्या पालिका शाळेत संध्याकाळी कराटेचा वर्ग भरायचा. शहाबादी फरशी, भिंतीला रचून ठेवलेले बाक आणि मराठी माध्यमाची आम्ही पोरं "इची, नी, सान, शी" ओरडत रांगेत उभी. शोतोकान या कराटेशैलीचा तो लांब, खोल पवित्रा, मागची टाच जमिनीला घट्ट. एक मूठ पुढे गेली की दुसरी तितक्याच जोराने कमरेशी आलीच पाहिजे. का, हे विचारायची पद्धत नव्हती. एका मुलाने विचारलं, तर त्याला सगळ्यांसमोर बैठका मिळाल्या. सर कडक, पण गुद्दा समोरच्याच्या नाकापासून बोटभर अंतरावर थांबवता येणं हेच त्यांच्या लेखी खरं कराटे होतं. मारणं कोणालाही येतं, थांबवून दाखवा, म्हणायचे. आईला त्या वर्गातलं एवढंच आवडायचं.

मग कॉलेज, नोकरी, मधली बरीच वर्षं काहीच नाही.

ज्युदोकडे गेले ते दादरला ऑफिस आलं म्हणून. दुसरं काही उदात्त कारण नव्हतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी माझं उभं राहणं बघितलं आणि म्हणाल्या, "कराटे केलंयस ना? विसर ते. लाकडासारखी उभी आहेस." राग आला होता. पुढचे कित्येक आठवडे त्यांनी मला फक्त पडायला लावलं. हनुवटी छातीला, श्वास बाहेर, आणि पाठ टेकायच्या क्षणी हात मॅटवर सपाट आपटायचा. वर्गातल्या कॉलेजच्या मुली दणादण पडून उठायच्या. मी मात्र पडायच्या आधी आजूबाजूला बघून घ्यायची. (त्या पावसाळ्यात करी रोड स्टेशनच्या जिन्यावरून पाय सटकला तेव्हा डबा, छत्री, चप्पल सगळं तीन दिशांना गेलं, पण हनुवटी छातीलाच होती. डोकं वाचलं. एका काकांनी छत्री आणून दिली आणि वर उपदेशही केला.)

पण मला खरी आठवते ती बाहीची संध्याकाळ. जोडीदाराच्या उजव्या बाहीला माझा डावा हात. मॅडम म्हणाल्या, आधी वर ओढ, मनगटावरचं घड्याळ बघतेस तसं, मग आत वळ आणि हात कमरेकडे ने. मी नेला. लहानपणापासून हजारो वेळा तो तिकडेच तर गेला होता! समोरची मुलगी चवड्यांवर आली, मग माझ्या पाठीवर, मग मॅटवर. मी तशीच बघत उभी राहिले. कमरेशी परत येणारा हात रिकामा येत नसतो, त्यात कोणाची तरी बाही असते, मनगट असतं. परळच्या शाळेत ज्याच्या कारणाची चौकशी केली म्हणून बैठका पडल्या, ते कारण दादरच्या मॅटवर मिळालं, आणि तेही ज्यांनी "विसर ते" म्हटलं होतं त्यांच्याकडून.

त्या रात्री उत्साहाच्या भरात बरंच वाचून काढलं होतं. गंमत अशी की आमचे सर ज्युदोला "झोंबाझोंबी" म्हणायचे आणि मॅडम कराटेला लाकूडकाम. मूळ पुरुषांना असली पथ्यं नव्हती. शोतोकानचे मूळ पुरुष, ओकिनावाचे फुनाकोशी १९२२ मध्ये तोक्योला गेले, तेव्हा ज्युदोचे जनक कानो यांनीच त्यांना आपल्या कोदोकान या ज्युदोशाळेत प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं. कराटेचा पांढरा पोशाख, काळा पट्टा, 'दान' म्हणजे त्याच्या श्रेणी, हे सगळं ज्युदोकडूनच उचललेलं. सर जो काळा पट्टा इतक्या अभिमानाने बांधायचे, तो मुळात झोंबाझोंबीवाल्यांचा! कानो यांचं तर शिक्षणच तुकड्यातुकड्यांनी झालं. पहिले गुरू वारले, दुसऱ्यांकडे गेले, तेही वारले, मग वेगळ्याच परंपरेच्या तिसऱ्या गुरूंकडे. १८८२ मध्ये कोदोकान काढलं तेव्हा वय जेमतेम एकवीस. धरसोड करते म्हणून मला बोलणाऱ्या नातेवाइकांना हे ऐकवायचं फार मनात आहे.

आता दांडपट्टा. लालबागच्या एका चाळीच्या पटांगणात, शिवजयंती महिन्यावर आल्यामुळे रोज. वस्ताद आकडे मोजत नाहीत, ओरडत नाहीत. खुर्चीवर बसून फक्त पायांकडे बघतात. पट्ट्याची मूठ म्हणजे कोपरापर्यंत येणारा लोखंडी खोबळा. त्यात हात घातला की मनगट वळायचं नावच नाही. वार खांद्यातून आणि कमरेतून काढावा लागतो. बाकीच्या बायकांचं मनगट आत धडपडतं, माझं गप्प राहतं. सरळ मनगटाच्या गुद्द्यांची ती पुण्याई. वस्तादांना हे आवडलं. "मनगट कुठलं?" म्हणाले. कराटेचं म्हटल्यावर, "मग टाच पण त्यांचीच दिसते. ती सोडा." चहूबाजूंनी फिरायचं असतं, टाच रुतवून कसं चालेल? म्हणजे एकाच गुरूचं मनगट ठेवायचं आणि टाच परत करायची. डाव्या हाताचा निकाल अजून लागायचा आहे. त्यांनी उद्यापासून डाव्या हातात नुसती काठी धरून सराव करायला सांगितलंय, म्हणजे मूठ वळणार नाही.

ऑफिसात एकाने विचारलं, एवढं सगळं शिकून दोन गुंडांना लोळवता येईल का? मी म्हटलं, साडी नसेल तर पळता येईल.

रात्री मॅडमचा फोन आला. पट्ट्याचं ऐकून त्या दोन क्षण गप्पच. मग म्हणाल्या, "ते लोखंड फिरव हवं तेवढं. पडायचा सराव चालू आहे ना?" पटांगणात पेव्हर ब्लॉक आहेत, तिथे कुठे पडू? तसं सांगितल्यावर त्यांनी रविवारी सकाळी सातला बोलावलंय. सातला म्हणजे पावणेसातला. पोशाखाचा नाडा तुटलाय, तो उद्या लावायला हवा.