लिग्निन सुटतं, पण जातं कुठे?

बुधवार, रात्री

दिवसभर कप्पा नंबर काढत बसले होते. लाकडाचा लगदा किती परमँगनेट खातो, त्यावरून त्यात उरलेलं लिग्निन, म्हणजे लाकडाचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारा पदार्थ, किती ते कळतं. क्राफ्ट लगद्याचा (कॉस्टिक सोडा आणि सल्फाइडमध्ये शिजवलेल्या) कप्पा २० आला की लिग्निन साधारण ३ टक्के. तपकिरी रंग मुख्यतः एवढ्याशा लिग्निनचाच, आणि विरंजनाचा, म्हणजे लगदा पांढरा करण्याचा, सगळा खटाटोप त्याच्यासाठी.

सध्या ओझोनचे नमुने चालू आहेत. ओझोन लिग्निनची बेन्झीन वलयं फोडतो आणि त्यांची विरघळणारी आम्लं करतो. तंतू ज्याचे बनतात त्या सेल्युलोजशी त्याचं फारसं वैर नाही. घात होतो तो पाण्यात. तिथे ओझोन विघटित होऊन हायड्रॉक्सिल मूलकं (दिसेल त्यावर तुटून पडणारे अतिक्रियाशील कण) तयार होतात, आणि त्यांना लिग्निन काय नि सेल्युलोज काय, दोन्ही सारखीच. सेल्युलोजच्या साखळ्या तुटतात, त्यांच्या लांबीचं माप असलेली व्हिस्कॉसिटी घसरते, कागद कमकुवत होतो. विघटन आवरावं म्हणून पीएच २-३ वर काम करायचं. त्यात मिथेनॉल घातलं तर ते ही मूलकं तंतूंच्या आधी स्वतःवर घेतं. मला द्रावकाचं हे काम फार मोलाचं वाटतं: काय विरघळवलं याइतकंच काय वाचवलं हेही बघायला हवं.

अर्थात कारखान्यात हे सहज नेता येणार नाही. ओझोनसोबत येणारा वायू बहुतांश ऑक्सिजनच, आणि त्यात मिथेनॉलची वाफ म्हणजे स्फोटाला आमंत्रण. प्रयोगशाळेतही मी या सेटअपजवळ कुणाला घाई करू देत नाही.

द्रावकाचं दुसरं काम म्हणजे लिग्निन विरघळवणं. इथेनॉल-पाण्यात लाकूड शिजवण्याचं काम क्लाइनर्ट आणि टायेंथाल या संशोधकांनी १९३१ मध्येच मांडलं होतं. नुसत्या पाण्यात लिग्निन विरघळत नाही, नुसत्या इथेनॉलमध्येही नीट नाही. दोन्हींच्या मिश्रणात मात्र छान सुटतं. पण शिजवलेला लगदा लगेच साध्या पाण्याने धुतला, तर अल्कोहोलचं प्रमाण पडतं आणि सुटलेलं लिग्निन परत तंतूंवर बसतं! मग कप्पा वाढलेला दिसतो आणि दोष बिचाऱ्या शिजवण्याला लागतो. आधी ताज्या गरम अल्कोहोल-पाण्याने धुवायचं, पाणी नंतर.

विरंजनावरच्या लिखाणात धुण्याला एखादी ओळ मिळते, ते मला पटत नाही. उद्या ओझोनच्या नमुन्यांचे दोन भाग करणार: एक पाण्याने धुतलेला, दुसरा आधी इथेनॉल-पाण्याने. कप्पा आणि व्हिस्कॉसिटी दोन्ही मोजायच्या.