डाग कुणाच्या नावावर

“मिस्त्री, मेन दाराला बुरशी आलीय. तुम्ही यायच्या आत आम्ही काय मारून ठेवू ते सांगा.” सकाळी सकाळी कंत्राटदाराचा फोन. मी म्हटलं, काही म्हणजे काही मारू नका, मी निघालोच. वाळलेल्या सागवानाला एका रात्रीत बुरशी येत नाही. पण बुरशी हा शब्द निघाला की साइटवर कुणीतरी ब्लीचिंग पावडर कालवायला घेतंच, आणि मला भीती तिची होती.

पॉलिशवाल्याला साइटवर सगळ्यात शेवटी बोलावतात. त्यामुळे आधीच्या सगळ्यांचं पाप आमच्या हातात येतं. गवंड्याच्या हातची सिमेंटची बोटं सागवानावर काळपट उमटतात. सुताराने फेविकॉल नीट पुसला नाही तर तो डाग कोऱ्या लाकडावर दिसतसुद्धा नाही, पॉलिशचा पहिला हात फिरला की पांढरट चट्टा वर येतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, पॉलिश खराब मारलं. इलेक्ट्रिशियन तर कोऱ्या फळीवर चहाचा कप ठेवतोच. हे सगळं आम्ही न बोलता निस्तरतो. ह्या दाराचं मात्र वेगळं झालं, आणि ते अजून डोक्यातून जात नाही.

कोल्हापुरातला बंगला. दोन झडपांचं, सात फुटी दार, सीपी टीकचं. सीपी म्हणजे जुने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस. तो प्रांत कधीच गेला, वखारीत नाव राहिलं. 2023 मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी चंद्रपूरहून सागवान गेलं, तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला चंद्रपूरचंच लाकूड पाहिजे असतं आणि प्रत्येक वखारवाल्याकडे ते असतंच, मग ओंडका आफ्रिकेतून बोटीने आलेला का असेना. हे दार मात्र खरं होतं. रेषा घट्ट, हात फिरवला की तेलकट लागणारं. कडेने गोला-गलत्याची नक्षी, मधल्या फळ्यांवर कमळं कोरलेली. कोरणाऱ्याने पाकळ्यांच्या कडा इतक्या धारदार ठेवल्या होत्या की पॉलिश पेपर कसा फिरवायचा याचा विचार मी आधीच करून ठेवला होता.

दोन्ही झडपा पोर्चमध्ये लाकडी घोड्यांवर आडव्या. जवळ गेलो आणि पोटात गोळा आला. कुणीतरी शाईपेन झटकून ठेवल्यासारखे निळे-काळे ठिपके, या टोकापासून त्या टोकापर्यंत. काही सुईच्या टोकाएवढे, काही मुगाच्या दाण्याएवढे, आणि मोठे सगळे लाकडाच्या रेषेच्या दिशेने लांबट पसरलेले. जिन्याच्या बाजूची झडप गच्च भरलेली, पलीकडची विरळ. बुरशी अशी दिशा धरून येत नाही.

जिन्याचं रेलिंग तिथेच, आठ-दहा फुटांवर चाललं होतं. एमएसचे, म्हणजे साध्या पोलादाचे पाइप, ग्राइंडर, खाली कटिंग व्हीलच्या भुग्याचा करडा थर. माझ्या पिशवीत जुन्या स्पीकरचं लोहचुंबक असतं. ते कागदात गुंडाळून फरशीवरून फिरवलं तर खाली दाट मिशी उगवली. रेलिंग करणाऱ्या फॅब्रिकेटरचा माणूस एकदम मोबाइलमध्ये गुंतला.

तेवढ्यात साइटवरचं हेल्परचं काम करणारं पोरगं मागून हळूच म्हणालं, “मिस्त्री, ही बुरशी न्हाई. आमच्यात वल्या चामड्याला लोखंड लागलं की आसंच काळं पडतंय. आज्जा लोखंडी घमेलं जवळ येऊ देत न्हाई.” त्याच्या घरी चपलांचं काम. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावतात. दोन्ही टॅनिनने, म्हणजे झाडातल्या तुरट द्रव्याने भरलेले. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, उकळून काळा रंग करतात तीच ही गोष्ट. सागवानात टॅनिन बाभळीइतकं नसेल, पण डाग पडायला पुरेसं असतं. साइटवर इंजिनियर होता, सुपरवायझर होता, आर्किटेक्टची असिस्टंट मुलगी फोटो काढत होती. बरोबर निदान ह्या पोराचं.

आणि दारावर ओलं फडकं मारलेलं तेही त्याच पोराने. आदल्या संध्याकाळी सुपरवायझर म्हणाला होता, “उद्या पॉलिशवाले येणार, दार पुसून चकाचक ठेव.” त्याने ठेवलं. रात्री दार स्वच्छच दिसत होतं म्हणे, आणि ते खरं असणार. लोखंड आणि टॅनिनचं संयुग सुरुवातीला फिकं असतं. रात्रभर हवा लागली की ते ऑक्सिजन घेतं आणि काळं होतं. म्हणजे पुसणाऱ्याला आपण काय केलं हे कळायला सकाळ उजाडावी लागते.

आता सगळे म्हणायला लागले, मशीन मारून घासून काढा. लाकूडकामात कुठल्याही दुखण्याला हेच औषध सांगतात. इथे लोखंडाचे कण रंध्रांत बसलेले. घासलं तर निम्मे आणखी आत दाबले जाणार, उरलेले स्वच्छ जागेवर पसरणार, आणि कमळाच्या पाकळ्या सपाट होणार. एक जण तर उत्साहाने तारेचा ब्रश घेऊन आला. लोखंडाचा डाग काढायला लोखंडाच्या तारा! मी तो ब्रश त्याच्या हातातून काढून घेतला आणि घरी जाईपर्यंत परत दिला नाही.

खालच्या आडव्या पट्टीकडे मात्र माझं लक्ष उशिरा गेलं. तिथे ठिपके नव्हतेच, तळहाताएवढा सलग काळा डाग होता, कडेला जांभळट. पाण्याने असा डाग पडत नाही. विचारलं तर कुणी बोलेना. मग मालकांचा मुलगा आतून आला. त्याने पहाटे व्हिडिओ पाहिला होता, आणि “नॅचरल” म्हणून व्हिनेगर चोळलं होतं. आता, परदेशात लोक मुद्दाम लोखंडाचा कीस व्हिनेगरमध्ये भिजत घालतात आणि ते पाणी लाकडाला लावून त्याला आबनुशी काळा रंग आणतात. ह्याने दारावर पडलेला लोखंडाचा कीस जागच्या जागी विरघळवून खोलवर पाजला होता. मुलगा चांगला होता, लगेच सॉरी म्हणाला. सॉरीने लाकडातलं लोखंड निघत नाही, पण म्हणाला हे खरं.

औषध साइटवरच होतं. कोटा फरशी आणि मार्बल पॉलिश करणारे ऑक्झॅलिक आम्लाची पावडर वापरतात, पांढरी, साखरेसारखी दिसणारी. आळूचं फदफदं नीट शिजलं नाही की घसा खाजतो तो ह्याच आम्लाच्या कॅल्शियम क्षाराच्या सुयांमुळे. पण आळू आणि ही पावडर यांत फरक आहे. पोटात गेली तर मूत्रपिंड निकामी करते. हातमोजे, चष्मा, मास्क याशिवाय मी डबा उघडत नाही, आणि फरशीवाले ती उघड्या हाताने भुरभुरतात ते बघून दर वेळी अंगावर काटा येतो. आधी सगळ्यांना एकेक करून विचारलं, कुणी ब्लीचिंग मारलंय का? ब्लीचिंगवर हे आम्ल पडलं तर क्लोरीन वायू सुटतो. नव्हतं मारलं. देवाची कृपा आणि सुपरवायझरचा आळस.

पहिलं काम कोरडं. व्हॅक्यूम आणि नायलॉनचा ब्रश, कमळाच्या प्रत्येक पाकळीत. कण आत असताना पाणी लावलं तर आणखी डागांना आमंत्रण. हे काम फार कंटाळवाणं आहे आणि बघणाऱ्याला वाटतं पॉलिशवाला झाडलोट करतोय. मग द्रावण. एक लिटर कडक गरम पाण्यात 100 ग्रॅमच्या आसपास पावडर. भांडं म्हणून कुणीतरी घमेलं पुढे केलं, लोखंडाचंच. प्लॅस्टिकची बादली मिळवायला अर्धा तास गेला.

एका ठिपक्यावर थेंब टाकला. काळा रंग डोळ्यांदेखत पातळ झाला, राखाडी झाला, गेला. आजूबाजूला जमलेल्यांनी “आँ” केलं. इतकी वर्षं हे काम करतोय, तरी ह्या क्षणाला मलाही मजा येते, खोटं कशाला बोलू. आम्ल लोखंडाला टॅनिनकडून ओढून घेतं आणि पाण्यात विरघळेल अशा रूपात सोडतं. लाकडाला काही होत नाही.

पण ठिपक्यांपुरतं लावून चालत नाही. ऑक्झॅलिक जुनाट करडेपणाही उतरवतं, त्यामुळे जिथे लावाल ती जागा उजळते आणि काळ्या ठिपक्यांच्या जागी पांढुरके ठिपके येतात. पूर्ण झडप, काठापासून काठापर्यंत, एकसारखी ओली करायची. आणि उलट्या बाजूनेही, कारण एकाच अंगाने भिजवलेली फळी दुसऱ्या दिवशी वाकलेली सापडते. व्हिनेगरच्या डागावर टिश्यू पेपर द्रावणात भिजवून थापले, वरून प्लॅस्टिक, म्हणजे वाळणार नाही आणि हळूहळू वर ओढत राहील. ते पुन्हा पुन्हा बदलावं लागलं. ह्या एका तळहाताने बाकी अख्ख्या दारापेक्षा जास्त वेळ खाल्ला, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

धुवायच्या वेळी बोअरची पाइप आली. बादलीत पाणी घेतलं, वर तांबूस साय. लोखंड! परत तेच. प्यायच्या पाण्याचे 20 लिटरचे जार मागवले तेव्हा कंत्राटदार म्हणाला, “दाराला बिसलेरीनं आंघोळ?” हो, आंघोळ. आम्ल लाकडात राहिलं तर वरचं पॉलिश पुढे दगा देतं. खायचा सोडा टाकून ते मारा असं बरेच जण सांगतात, पण टॅनिनच्या लाकडावर सोड्याचा हात जड झाला तर ते काळवंडतं. मी स्वच्छ पाण्यावरच विश्वास ठेवतो. धुऊन सावलीत वाळवायचं, पंखा लांबून. पावसाळ्यात वाळवण म्हणजे नुसती वाट बघणं. पाण्याने तंतू उभे राहिलेले असतात, ते 220 नंबरच्या पेपरने अगदी अलगद, तोंडावर मास्क बांधून, कारण राहिलेल्या आम्लाची धूळ नाकात गेली की शिंका थांबत नाहीत.

दार निघालं. व्हिनेगरच्या जागी फार तिरकं बघितलं तर किंचित सावली, पॉलिशमध्ये ती बुडाली. रंग एकूण थोडा फिका वाटला, पण सागवान उजेडात आपोआप सोनेरी होत जातं. मालक खूश. वहिनींनी पोहे दिले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. कंत्राटदाराने मला बाजूला घेतलं. “मिस्त्री, एका वाक्यात सांगा, नक्की कशानं झालं?”

मी सांगितलं, लोखंड, लाकडातलं टॅनिन आणि ओल. तिन्ही एकत्र आल्याशिवाय हा डाग पडत नाही. एकट्या कुणाचाच दोष नाही.

त्याने तीनमधलं एक उचललं. “म्हणजे पाणी मारलं नसतं तर झालं नसतं?”

फॅब्रिकेटर त्याचा पाहुणा, म्हणजे नात्यातला. टॅनिनवर दंड लावता येत नाही. शनिवारी पगार वाटताना पोराच्या हातात निम्मेच पैसे आले. तो मला काही बोलला नाही, मला दुसऱ्या हेल्परकडून कळलं. कोरं सागवान ग्राइंडरच्या शेजारी उघडं ठेवायचं कुणी ठरवलं? झाकायला शंभर रुपयांचं प्लॅस्टिक कुणी आणलं नाही? ‘पुस’ कुणी म्हटलं? हे प्रश्न पगारवाटपाच्या वहीत नसतात. साइटवर चूक नेहमी शेवटी ज्याच्या हातात फडकं असतं त्याची.

मी बिलात “डाग काढणे” अशी वेगळी ओळ टाकली आणि खाली कारण लिहिलं: कच्च्या लाकडावर ग्राइंडरची लोखंडी धूळ, नंतर ओल, खालच्या पट्टीवर व्हिनेगर. मजुरीही तशीच तोडून दाखवली, व्हिनेगरचा वाटा निम्म्याहून मोठा. कंत्राटदाराचा निरोप आला, व्हिनेगर आणि ग्राइंडर काढून बिल परत द्या, मालकांना बरं दिसत नाही. मी दिलं नाही. बिल अडकलं.

पण त्याचा प्रश्न मला सोडेना. पाणी मारलं नसतं तर? कोरडी धूळ झटकून गेली असती असं तो म्हणतो, आणि त्यात अगदीच तथ्य नाही असं मी छातीठोक म्हणू शकत नव्हतो. म्हणून त्याच दाराचा उरलेला तुकडा घेतला, चुंबकावरची धूळ त्यावर भुरभुरवली आणि माझ्या वर्कशॉपच्या पडवीत ठेवला. पाऊस लागणार नाही अशा जागी, फडकं नाही, थेंब नाही. नुसती कोल्हापूरची जुलैमधली हवा. आठवडाभरात ठिपके आले. बारीक, दारावरच्यापेक्षा फिके, पण तेच, निळे-काळे, रेषेत लांबणारे.

धूळ तशीच राहिली असती तर दार डागाळणारच होतं. फडक्याने ते लवकर झालं आणि जास्त झालं, एवढंच. ते ‘जास्त’ किती, हे मोजायला माझ्याकडे साधन नाही.

फोटो कंत्राटदाराला पाठवला, खाली चार ओळीत समजावून. संध्याकाळी उत्तर आलं: “भारी. पुढच्या साइटला पण सागवानच आहे, बघायला कधी येताय?”

मी दर कळवला. खाली लिहिलं, आधीचं बिल आहे तसं मंजूर करा आणि पोराचे कापलेले पैसे द्या, मग येतो. त्यावर अंगठ्याचं चित्र आलंय. ते दराला आहे का पैशाला, हे विचारायला उद्या फोन करणार आहे.